माझ्या पोटातला दिवा

मी पिंजरा बोलतोय. पण मंडळी, नावावर जाऊ नका. आजवर मी कुणालाही कोंडून ठेवलेलं नाही. माझा जन्म जाळीच्या दुकानातला, त्यामुळे जरा गप्पिष्ट आहे. सांभाळून घ्या.

आमचे दुकानदार माणूस ओळखून माल दाखवायचे. एके दिवशी एक तरुण मॅडम आल्या आणि बारीक विणीची तांब्याची जाळी मागू लागल्या. दुकानदारांनी सवयीने विचारलं, "कोंबड्या किती आहेत?"

"एकही नाही. आत काही कोंडायचं नाहीये, बाहेरचं आत येऊ द्यायचं नाहीये."

"म्हणजे डास?"

"वीज," मॅडम म्हणाल्या.

गिऱ्हाईक जरा सरकलेलं दिसतंय, पण माप चोख सांगतंय, एवढं दुकानदारांना पुरे होतं. त्यांनी जाळी चौकटीवर ठोकली, दाराला कडी लावली, आणि मी झालो.

मॅडम रातकिड्यांवर संशोधन करत. रातकिड्याचे कान त्याच्या पुढच्या पायांत असतात, हे मला तिथेच कळलं. रातकिड्याला माझ्या आत बसवून त्या कानाच्या नसेला मॅडम केसाहून बारीक तार टेकवत, आणि नस बोलली की स्पीकरवर टकटक होई. पण हे बोलणं फार नाजूक. खोलीतले दिवे, पंखे, भिंतीतल्या तारा यांची भुणभुण ते सहज गिळून टाकी. तिला दाराबाहेर उभं करणं, ही माझी नोकरी.

रातकिडा बुजला की गात नाही. म्हणून ती टकटक टिपायची टेप सुरू करून मॅडम दर वेळी हळूच म्हणत, "गा रे राजा, माझ्याकडे लक्ष देऊ नकोस."

त्यांचा प्रश्न साधा होता. एवढ्याशा जिवाचा आवाज एवढा मोठा, मग स्वतःच्याच गाण्याने तो बहिरा कसा होत नाही? या प्रश्नापायी मॅडमचे काळ्याचे पांढरे झाले. त्यांच्या आईने स्थळं बघणं कधीच सोडलं होतं. "तुझं लग्न किड्यांशीच लागलंय," म्हणायच्या.

मदतीला एक विद्यार्थी आला. सगळे मॅडम म्हणत, हा ताई म्हणे. त्याही त्याला धाकटा म्हणू लागल्या, डब्यातलं अर्धं त्याच्यापुढे सरकवू लागल्या. तार टेकवताना पोराचा हात हलका होता. खोटं कशाला बोलू?

आणि एक दिवस उत्तर सापडलं. दुसरा रातकिडा गायला की नस टकटक करी. हा स्वतः गाऊ लागला की गप्प. गाताना तो आपला कान आतूनच मिटून घेत होता. मॅडम स्टुलावर बसल्या, माझ्या चौकटीला डोकं टेकवलं आणि कितीतरी वेळ नुसत्या हसत राहिल्या.

धाकटा म्हणाला, "ताई, छापायची घाई नको. अजून थोडे किडे बघू. कुणाला बोट ठेवायला जागा नको."

मॅडमना पटलं. त्या किडे बघत राहिल्या. धाकटा मोठ्या संस्थेत नोकरीला लागला. जाताना डोळ्यांत पाणी आणून टेपच्या प्रती घेऊन गेला, आठवण म्हणून.

मग कळलं की तो एक नवा शोध जाहीर करणार आहे, तोही आमच्याच संस्थेच्या सभागृहात. त्याचा लेख भाषणाच्याच दिवशी सकाळी छापून आला होता; मॅडमच्या हाती तो अजून पडायचा होता. शोभेला म्हणून मला मंचावर नेऊन ठेवलं. मॅडम ठेवणीतले कपडे घालून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्याने त्यांना फोनसुद्धा केला नव्हता, पण गडबडीत असेल बिचारा, असं त्या मला उचलणाऱ्या शिपायाला सांगत होत्या.

भाषणात "मी" आला, "माझा" आला, ताई काही आली नाही. मग त्याने टेप लावली. टकटक सुरू होण्याआधी सगळ्या सभागृहाला स्वच्छ ऐकू आलं, "गा रे राजा, माझ्याकडे लक्ष देऊ नकोस."

लोक खो-खो हसले. अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं, "हा आवाज कुणाचा?"

मॅडम खुर्चीवरून अर्ध्या उठल्या.

"आमच्याकडे एक मदतनीस होत्या," धाकटा म्हणाला.

मॅडम परत बसल्या.

भाषणाआधी त्याने ती टेप दहादा तरी ऐकली असणार. मग ते वाक्य कापायचं राहिलं कसं? मी पुष्कळ डोकं चालवलं. मॅडमचं सगळंच त्याने आपलं धरलं होतं. त्यांचा आवाज त्याला वेगळा ऐकू येणार कुठून? बाहेरचं सगळं मी जन्मभर अडवलं. पण हा तर माझ्याच दारातून हात आत घालून बसायचा. त्याला जाळी काय करणार?

आता मी आमच्या संस्थेच्या दाराशी, काचेच्या कपाटात असतो. खाली धाकट्याच्या नावाची पाटी. आयाबाया मुलांना सांगतात, यात पोपट असायचा. मी उठून दिसावा म्हणून माझ्या पोटात एक ट्यूब बसवलीय. ती दिवसभर भुणभुणते. ज्या भुणभुणीला आयुष्यभर उंबऱ्याबाहेर ठेवलं, तिने माझ्यातच बिऱ्हाड मांडलंय.

निवृत्तीच्या कागदांसाठी मॅडम एकदा येऊन गेल्या. पाटी त्यांनी वाचली नाही. नुसता कान दिला, भुणभुण ओळखली आणि बटण बंद केलं. किती दिवसांनी मला गार वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात वॉचमन आला. "मॅडम, दिवा चालू ठेवायचाय. साहेबांचा हुकूम आहे."

"ठेवा," मॅडम म्हणाल्या, आणि गेल्या.

तुमचं कधी इकडे येणं झालं, तर पाटीचं राहू द्या; ती बदलणं तुमच्या हातात नाही. बटण मात्र कपाटाच्या उजव्या अंगाला, जरा खालीच आहे.