तळ्याकाठचा मळका ट्रे

मित्रांनो, ओळख सांगायची तर मी एक जुना, पसरट ट्रे आहे. रंग पांढरा, निदान कारखान्यातून निघालो तेव्हा तरी होता. माझ्याच साच्यातले भाऊ दवाखान्यांत गेले, कात्र्या आणि सुया सांभाळू लागले. मी मात्र पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या तळ्यावर आलो. तिथली मार्गदर्शक ताई सुट्टीच्या दिवशी आलेल्या कुटुंबांना जाळी देते. जाळी पाण्यातून फिरवायची, माझ्यात उलटी करायची, काय वळवळतंय ते बघायचं आणि सगळ्यांना परत तळ्यात सोडायचं.

बारा वर्षं हेच केलं. कौतुक किड्यांचं व्हायचं, माझं कोण करणार? पण लहानथोर डोकी एकमेकांवर आपटेपर्यंत माझ्यावर वाकायची, तेव्हा मी मनातून फुगायचो.

एका सकाळी आठेक वर्षांची एक मुलगी आली, सोबत तिचे बाबा आणि आत्या. आत्या प्रेमळ, पण स्वच्छतेची भारी हौस.

"केवढं शेवाळ धरलंय याला. पोरगी हात घालणार यात," असं म्हणत तिने पर्समधला कागदी साबण काढला, मला लख्ख घासलं आणि बाटलीतल्या घोटभर पाण्याने विसळलं. ताई तेव्हा दुसऱ्या कुटुंबाला जाळी देत होती. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. इतक्या वर्षांत मला कोणी अंघोळ घातली नव्हती.

मुलीने माझ्यात तळ्याचं पाणी ओतलं आणि जाळी उलटी केली. एक चपटा किडा निघाला, पाठभर अंडी चिकटलेली.

"हा बाबा आहे," ताई जवळ येत म्हणाली. "यांच्यात अंडी बाबाच सांभाळतो. पिल्लं निघेपर्यंत पाठीवर घेऊन फिरतो."

"बाबा, तुम्ही मला असं किती दिवस उचलून घेतलं होतं?" मुलीने विचारलं.

"अजून कुठे खाली ठेवलंय?" बाबा म्हणाले, आणि सगळे हसले.

तेवढ्यात किड्याचे पाय ढिले पडू लागले. माझ्या ओरखड्यांत राहिलेला साबण पाण्यात उतरत होता. मला ते कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे? ताईने पाणी बोटांत चोळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने किड्याला घाईघाईने तळ्यात सोडलं. तो हलला नाही.

"ट्रे कोणी धुतला?"

"मी," आत्या हळूच म्हणाली. "मला वाटलं, चांगलंच करतेय."

"पण अंडी आहेत ना अजून?" मुलगी म्हणाली.

"त्यांना हवा-पाणी तोच देतो गं. तो नसला की पिल्लं निघत नाहीत."

परत निघताना आत्याने हात पुढे केला. मुलीने तो धरला नाही. आत्या रिकामा हात तसाच धरून बरीच लांबपर्यंत चालत गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. कोणाचं भलं करायला निघालात, तर त्याला काय लागतं ते आधी कोणाला तरी विचारा. आणि मला मळकाच राहू द्या. त्या दिवशीची अंघोळ मला आवडली होती, याची मला अजून लाज वाटते.