कोपऱ्यातला पांढरा ठिपका

मी एक जुना कॅमेरा आहे. पण मित्रांनो, तुमचे फोटो काढणारा नव्हे. तुम्ही उजेड बघता, मी ऊब बघतो. झाडाला कुणी क्षणभर हात टेकवून गेलं, तर माणूस निघून गेल्यावरही त्याची पाच बोटं मला त्या सालीवर दिसत राहतात. आहे की नाही गंमत!

माझी पहिली आठ वर्षं बंदरावरच्या गोदामात यंत्रांच्या तापलेल्या मोटारी शोधण्यात गेली. मग तिथे नवे कॅमेरे आले आणि मी कहायान नदीकाठच्या या गावात, आगीवर पाळत ठेवणाऱ्या तुकडीकडे आलो. काय कौतुक झालं म्हणून सांगू! पहिल्याच आठवड्यात मी खांबांवर उभ्या घराखाली दडून अंडी उबवणारी कोंबडी शोधून दिली, आणि सगळं गाव आपापलं नाक कसं दिसतं ते बघायला माझ्यासमोर रांगेत उभं राहिलं.

पण माझं खरं काम होतं जमिनीखालच्या आगीचं. इथली जमीन म्हणजे शेकडो वर्षांचा कुजका पालापाचोळा. ती सुकली की आग तिच्या पोटातून चालते. वर झाड हिरवंगार, खाली मुळं जळतायत, आणि एके दिवशी ते उभं झाड धाडकन आडवं.

तुकडीचा म्होरक्या तिएल. त्याची एक रीत होती. मला सुरू केलं की आधी पेटती लवंगेची सिगारेट माझ्यासमोर धरायची. पडद्यावर पांढरा ठिपका उमटला की म्हणायचा, "उठला!" मग तीच सिगारेट बोटांत ठेवून, त्याच हाताने मला सावरत तो रानभर हिंडायचा. ठिपका कोपऱ्यात तसाच राहायचा. सगळे माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, या म्हाताऱ्याच्या डोळ्यात फूल पडलंय.

आता माझी खोड ऐका. समोर जे सगळ्यात गरम ते मी पांढरंशुभ्र दाखवतो, जे सगळ्यात गार ते काळं, आणि मधली राखाडी बाकीच्यांना वाटून देतो. हे वाटप मी आपणहून, क्षणोक्षणी करतो. पण पंगतीत एकच खादाड बसला, तर इतरांच्या पानात काय पडणार? त्या एवढ्याशा निखाऱ्यापुढे सगळं रान मला एकसारखं गार दिसायचं. तीनदा तुकडी माझ्यावर विसंबून परतली आणि तीनदा आग तिच्या पाठीमागे वर आली. मग मी खोटारडा ठरलो. दमट हवा लागू नये म्हणून मला तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि विसरले. दोन हंगाम मी तांदूळच बघितले. गार असतात.

तिसऱ्या सुक्या हंगामात मला बाहेर काढलं ते लेरीने. लेरी म्हणजे तिएलची वहिनी. तिच्या नवऱ्याने सात वर्षांपूर्वी दोनशे चाळीस रबराची झाडं लावली आणि पहिला चीक बघायच्या आत तो गेला. आता कुठे झाडं चिकासाठी खाच घेण्याजोगी झाली होती. त्या पहाटे दोन ओळींमधून चालताना तिच्या तळव्याला जमीन कोमट लागली.

गावात पंप एकच, आणि कालव्यापलीकडूनही त्याला बोलावणं आलेलं. तिएलने मला सुरू केलं, ठिपका उमटवला आणि जमिनीवर रोखलं. पडद्यावर सगळं एकसारखं काळपट.

"गार आहे, वहिनी. पंप पलीकडे नेतो."

"माझ्या पायाला कळतं ते या यंत्राला कळत नाही होय?"

"पायाचं वय झालं असेल."

"पायाचं राहू द्या. तुमच्या थोरल्या भावाने लावलेली झाडं आहेत ही, भावजी. एकदा नीट बघा."

तिएलने एक झुरका घ्यायला हात तोंडाकडे नेला. मित्रांनो, तोच तो क्षण! निखारा समोरून हटला, माझं वाटप नव्याने झालं आणि दोन ओळींमधून एक फिकट रेघ सापासारखी सरकत गेलेली दिसली. हात परत आला, रेघ गेली. पण लेरीने ती बघितली होती. तिने त्याचं मनगटच धरलं.

"फूल याच्या डोळ्यात नाही, भावजी. तुमच्या हातात आहे. आग विझवायला निघालात आणि आग बोटांत घेऊन?"

तिएलने सिगारेट बांधावर ठेवलेल्या कॉफीच्या पेल्यात बुडवली. रेघ पुन्हा उमटली. पण पंप सुरू झाला आणि त्याचं तापलेलं इंजिन चौकटीत आलं, तशी ती पुन्हा गडप. लेरी काही मागे हटणारी नव्हती. माझी बटणं दाबत दाबत तिने ते आपोआप चालणारं वाटपच बंद केलं आणि हद्द स्वतः आखून दिली: किती अंशांखालचं सगळं काळं, किती अंशांवरचं सगळं पांढरं. आधी पंचवीस ते अठ्ठावीस अंश. पडद्यावर पिठाचं पोतं सांडल्यासारखं सगळं पांढरं. मग पंचवीस ते पन्नास.

अहाहा! आता समोर इंजिन येवो नाहीतर निखारा, माझी नजर ढळेना. ती रेघ कुठे फुटते, कुठल्या मुळाशी पोचते, सगळं स्वच्छ. लेरी मला घेऊन पुढे, "इथे! आता इथे!" करत, मागून तिएल पाइपाचं टोकदार तोंड जमिनीत खुपसतोय, फस्सकन वाफ येतेय, आणि मी पडद्यावर पांढऱ्याचं राखाडी, राखाडीचं काळं होताना दाखवतोय. दुपारपर्यंत ती आग चौथ्या ओळीच्या अलीकडे थांबली. मग पंप धावत पलीकडे गेला, आणि त्याच्याबरोबर मीही. तिथेही वेळेत पोचलो.

अकरा झाडं पडली. दोनशे एकोणतीस उभी आहेत. तिएल अजूनही सिगारेट ओढतो, पण मी सुरू असेन तेव्हा ती विझलेली, कानामागे असते. माझ्या पाठीवर लेरीने चिकटपट्टी लावून दोन आकडे लिहिलेत: पंचवीस, पन्नास.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला आंधळा म्हणण्याआधी त्याच्या डोळ्यासमोर काय धरलंय तेवढं बघा. काच मऊ फडक्याने पुसा. आणि तांदळाच्या डब्यात विसरू नका.

पहिली खाच घेतली त्या दिवशी लेरीने मला सुरूच ठेवून फांदीला अडकवलं होतं. चीक वाटीत थेंबथेंब पडू लागला, तेव्हा तिने खोडावर तळवा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. मग ती पुढच्या झाडाकडे गेली. तिची पाच बोटं सालीवर तशीच होती, हळूहळू विरत. शेवटचं बोट दिसेनासं होईपर्यंत मी बघत राहिलो.