डोंगराची रंगीत तालीम

बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर श्रीरंगरावांनी अल्मोड्याची सहल काय केली, विरारचा फ्लॅट विकून तिकडेच राहायला जायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. ते तिकडची हवा बघून आले होते. मनोरमाबाई मात्र पायऱ्या बघून आल्या होत्या. घर वर आणि बाजार पार खाली! पण नवऱ्याशी वाद घालतील त्या मनोरमाबाई कसल्या? त्यांनी विरारच्या फुलपाड्यातल्या घरीच तालीम सुरू केली.

घर चौथ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही.

"अहो, कोथिंबीर संपली." श्रीरंगराव खाली जाऊन घेऊन आले.

"अय्या, मिरच्या राहिल्याच की!" मग आलं, मग लिंबू. दर खेपेला धापा टाकत दुखरे गुडघे चोळणाऱ्या नवऱ्याला त्या लाडीगोडीने सांगत, "अल्मोड्यात असंच असतं हो. सवय झालेली बरी."

महिनाभर हे चाललं. एका रविवारी दही आणायला गेलेले श्रीरंगराव बराच वेळ परतलेच नाहीत. खोड मोडली एकदाची, म्हणून मनोरमाबाई मनातून हरखल्या.

तेवढ्यात ते शीळ घालत वर आले. धाप नाही, घाम नाही.

"अगं, गुडघे दुखायचेच थांबले बघ! दह्याबरोबर इस्टेट एजंटलाही घेऊन आलोय. बिचारा दुसऱ्या मजल्यावर दम खात बसलाय."