बाईसाहेब कुठं गेल्या?

लालासाहेबांच्या दारात आजवर जी कुत्री राहिली ती शर्यतीची. कारवानी जातीची, लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली. उंब्रजच्या आसपासच्या मैदानांत त्यांच्या कुत्र्यांचा दबदबा होता आणि सोप्यातल्या फळीवर बक्षिसाच्या ढाली ठेवायला जागा उरली नव्हती. त्यांचा मुलगा इंद्रजित फौजेत. सुट्टी संपवून परत जाताना त्यानं बायकोला सोबत म्हणून पांढरं पामेरियन पिल्लू आणून दिलं, तेव्हा लालासाहेबांनी त्याच्याकडं एकदाच बघितलं आणि याला चावी कुठून द्यायची म्हणून विचारलं.

सूनबाई समीक्षा हसली. ती गावातल्या पतसंस्थेत नोकरीला, आणि एखादी गोष्ट मनावर घेतली की तडीला नेणारी. लहान जातीच्या कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती तिनं मोबाईलवर बघितल्या आणि घरामागं सगळं मैदान मांडलं. उड्या मारायला ठिबकच्या जुन्या नळ्या आडव्या बांधल्या, नागमोडी पळायला बांबूच्या काठ्या रोवल्या, खताची रिकामी पोती शिवून लांबलचक बोगदा केला. पिल्लाचं नाव चिंगी. चिंगी उड्या शिकली, काठ्याही शिकली. बोगद्यात मात्र पाऊल घालायला तयार नव्हती. आत अंधार होता आणि अंधार तिला मानवत नव्हता.

हे कोडं सोडवलं लालासाहेबांनी, तेही चोरून. सून कामावर गेली की मागच्या दाराची कडी लावून ते बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी गुडघे टेकायचे, मान आत घालायचे आणि तान्ह्या पोराशी बोलावं तशा बारीक आवाजात म्हणायचे, "बाईसाहेब कुठं गेल्या? कुठं गेल्या गं बाईसाहेब?" आणि बाईसाहेब सुसाट आतून येऊन त्यांच्या मिशा चाटायच्या. एक दिवस समीक्षा लवकर घरी आली आणि तिनं कुंपणावरून हे सगळं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तीही बोगद्याशी गुडघे टेकून तेच म्हणायला लागली. गावात यातलं काही बोलायचं नाही, हे सासऱ्या-सुनेत न बोलताच ठरून गेलं.

मग सांगलीच्या स्पर्धेची बातमी आली. पहिले तीन येतील त्यांना पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळणार होती, आणि पुण्याची तारीख नेमकी इंद्रजितच्या सुट्टीत पडत होती. समीक्षाला एवढंच हवं होतं. आपण वर्षभर काय केलं ते नवऱ्यानं फोनवर नाही, समोर उभं राहून बघावं. तिनं फोनवर त्याला तसं कबूल करूनही टाकलं होतं. आणि स्पर्धा तोंडावर असताना ती ओट्याच्या पायरीवरून घसरली आणि तिचा घोटा लिंबाएवढा सुजला.

या खेळात मालकाला कुत्र्याबरोबर पळावं लागतं. बोलायला, हातवारे करायला मोकळीक, पण कुत्र्याच्या अंगाला हात किंवा पाय लागला की बाद. समीक्षा सासऱ्यांना म्हणाली, "आबा, तुमीच पळवा तिला. तुमच्या आवाजाला ती जेवढी येती तेवढी माझ्याबी येत न्हाई." आबांनी बरेच आढेवेढे घेतले. पण त्या रात्री जेवताना ते उगाचच दोनदा हसले, हे तिनं बघितलं.

सांगलीच्या मैदानावर माणसांपेक्षा कौतुकच जास्त होतं. कुणाच्या कुत्र्याला अंगरखा, कुणाच्या कानाला फीत. लालासाहेबांच्या हातात गुलाबी पट्टा होता आणि तो ते मुठीत जेवढा मावेल तेवढा कोंबत होते. समीक्षा मागं खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. तेवढ्यात मांडवाच्या खांबाआडून कुणीतरी त्यांना हाक मारली. बघतात तर विट्याचा आकाराम. शर्यतीच्या मैदानातला त्यांचा जुना प्रतिस्पर्धी, ज्याच्या कुत्र्याला हरवल्यावर त्यांनी गावात गुलाल उधळला होता तो. आकारामचा मांडवाचा धंदा आहे आणि आजचा मांडव त्याचाच होता, हे लालासाहेबांना माहीत असायचं कारण नव्हतं.

आकारामनं आधी मिशांकडं बघितलं, मग पट्ट्याकडं, मग पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडं.

"हे कुणाचं रं?"

"शेजाऱ्याचं हाय," लालासाहेब म्हणाले. "मी आपली गाडी घिऊन आलोय."

शब्द तोंडातून गेले आणि त्यांना जाणवलं की मागं खुर्ची आहे. त्यांनी वळून बघितलं. समीक्षा मान खाली घालून घोट्याची पट्टी सारखी करत होती. पट्टी आधीच सारखी होती. लालासाहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता बोलून टाकावं असं त्यांना वाटलं, पण आकाराम तिथंच दोरीला टेकून उभा राहिला, आणि भोंग्यावरून चिंगीचं नाव पुकारलं गेलं.

सुरुवात झकास झाली. चिंगीनं सगळ्या उड्या नळीला न शिवता मारल्या, काठ्यांतून अशी वळली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबाही धोतराचा सोगा धरून बरोबर पळत होते. मग बोगदा आला. ते पलीकडच्या तोंडाशी गेले. आता गुडघे टेकायचे, मान आत घालायची आणि बारीक आवाज काढायचा. समोर दोरीला टेकून आकाराम बघत होता.

लालासाहेब ताठ उभे राहिले. फौजेतल्या हवालदारानं द्यावा तसा हुकूम त्यांनी दिला. "चिंगी. चल."

चिंगीनं बोगद्यात तोंड घातलं. पलीकडं तिला मिशा दिसल्या नाहीत, दोन चपला दिसल्या. ती थोडा वेळ थांबली, मग बाहेरून वळसा घालून आली आणि त्यांच्या पायाशी बसून वर बघायला लागली. खेळ अजून सुरू का झाला नाही, एवढंच त्या बघण्यात होतं. लालासाहेबांनी पुन्हा हुकूम दिला, आवाज आणखी जाड करून. ती शेपटी हलवत राहिली. लोक हसायला लागले. वेळ चालला होता. तेव्हा त्यांनी चपलेच्या टोकानं तिला बोगद्याकडं ढकललं. लाथ नव्हती ती, पण लांबून लाथेसारखी दिसली असणार. शिट्टी वाजली आणि चिंगी बाद झाली.

दोरीपाशी आकारामनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि परक्या कुत्र्यापायी कशाला एवढी दगदग करायची म्हणून समजूत घातली. समीक्षा लंगडत तिथवर आली होती. तिचे डोळे लाल होते. तिनं चिंगीला उचलून घेतलं आणि आकारामला सांगितलं, "शेजाऱ्यांचं कुत्रं हाय काका. आबा निस्तं माझ्या शब्दाखातर पळालं."

लालासाहेबांना वाटलं, हिनं चारचौघांत आपल्याला फाडून बोलायला हवं होतं. त्यांनी जन्मात कुणापुढं मान खाली घातली नव्हती. पण आपल्यामुळं हरलेली पोर आपलीच लबाडी पदरात घेऊन आपली अब्रू झाकतेय, हे त्यांच्याच्यानं सोसवेना.

"आकाराम, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "कुत्रं माझं हाय. मीच शिकवलंय."

"ठावं हाय गड्या," आकाराम म्हणाला. "शेजाऱ्याचं कुत्रं असं पायाशी यिऊन बसतंय व्हय?" त्यानं एवढं म्हटलं आणि तो दोऱ्या बघायला निघून गेला. तो हसला असता तरी चाललं असतं.

बक्षिसं वाटून झाली. पुण्याला जाणाऱ्या तिघांचे फोटो निघाले. समीक्षाच्या पर्समध्ये फोन वाजत राहिला, इंद्रजितचाच असणार, आणि तिनं तो उचलला नाही. मैदान रिकामं झालं. आकारामची माणसं कनाती गुंडाळायला लागली, तसे लालासाहेब दोरी ओलांडून आत गेले. बोगदा अजून तिथंच होता. त्यांनी टोपी काढून खिशात घातली, धुळीत दोन्ही गुडघे टेकले आणि मान आत घातली.

"बाईसाहेब कुठं गेल्या? कुठं गेल्या गं बाईसाहेब?"

मांडवाची माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागली. आकारामही बघत होता. चिंगीनं समीक्षाच्या हातातून उडी मारली, बोगद्यात शिरली आणि आरपार येऊन त्यांच्या मिशा चाटायला लागली. मघाचा चपलेचा धक्का तिच्या लक्षातही नव्हता. ती रुसली असती, गुरगुरली असती, तर त्यांना जरा हलकं वाटलं असतं.

पाय ओढत समीक्षा जवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"हेच मगाशी करायचं हुतं, आबा."

कुत्रं तोंड चाटत होतं आणि लालासाहेबांना मान वर करवत नव्हती.