न झाडायचा रस्ता

गहू पेरून झाले, मक्याची कणसं सोलून आढ्याला टांगून झाली, तेव्हा कुठे ग्वेईलानला लेकाकडे शांघायला यायला सवड मिळाली. येताना तिने पिशवीभर वाळवलेली लाल बोरं, तिळाच्या तेलाची बाटली आणि पोतंभर चौकसपणा आणला. बोरं दोन दिवसांत संपली. चौकसपणा काही संपेना.

या शहरातल्या बायका भर दुपारी झोपायच्या कपड्यांत भाजी आणायला कशा जातात? कुत्र्यांना स्वेटर कोण विणून देतं? हे प्रश्न ती मनात ठेवणारी बाई नव्हती. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या वू बाई गुलाबी जाडजूड पायजम्यात कुत्रा फिरवत होत्या, त्यांना तिने पहिल्याच दिवशी गाठलं.

"अहो, हे घालून तुम्ही झोपता, की हे घालून उठता?"

वू बाई आधी बघतच राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की कुत्रा भुंकायला लागला. "उबदार असतं हो ताई! मी कुणाच्या लग्नाला थोडीच चाललेय?" तेव्हापासून दोघींचं जमलं.

पण ग्वेईलानला खरं कोडं पडलं होतं ते पानांचं. तिचा दापेंग सफाई कामगार होता, आणि त्याच्याकडे जो रस्ता होता त्याच्या दोन्ही अंगांना जुने, सालं सुटलेले चिनार होते. पानगळ भरात आली होती. फूटपाथवर घोटा बुडेल इतकी पिवळी-तपकिरी पानं साचली होती आणि दापेंग त्यांना हातसुद्धा लावत नव्हता. हातात लांब चिमटा घेऊन तो दिवसभर काहीतरी वेचत फिरायचा, आणि झाडू गाडीला बांधलेला तसाच राहायचा. गावात ग्वेईलान दिवस उगवायच्या आत अंगण झाडायची. अंगणात पान दिसलं की घरात कुणी आजारी आहे का, म्हणून शेजारीण विचारायला यायची. आणि इथे तिच्या पोटचा पोरगा, झाडण्याचा पगार घेणारा, कचऱ्यातून चालत होता!

"दापेंग, अरे ही पानं?"

"असू दे, आई. ती तशीच ठेवायची असतात."

ग्वेईलानचं डोकंच फिरलं. "असू दे" हा शब्द तिच्या नवऱ्याचा होता. छप्पर गळतंय, असू दे. कुंपण पडलंय, असू दे. छातीत दुखतंय, तेही असू दे, आणि एके दिवशी तो तेवढ्यावरच गेला. आता लेकाच्या तोंडीही तोच शब्द. हा बापावरच गेला, तिने मनाशी म्हटलं.

त्यात शनिवारी जेवताना दापेंगने सांगितलं, की उद्या मुकादम रस्ता बघायला येणार आहेत. पसंत पडला तर पुढच्या वर्षीही हाच रस्ता. नाही तर शहराबाहेरचा महामार्ग, जिथे ट्रक अंगावरून जातात आणि आडोशाला एक झाड नाही. गेल्या वर्षी तिकडे टाकलेल्या एका कामगाराचा पाय गेला होता. हे सांगताना दापेंगने नूडल्सच्या वाडग्यातून मान वर केली नाही. ग्वेईलानने मात्र आपला वाडगा बाजूला सारला.

"मग उद्या लवकर जाऊन झाडशील ना?"

"आधी हजेरीला जायचंय, मग बघतो. असू दे गं, तू काळजी करू नकोस."

पुन्हा तेच! ग्वेईलानने त्याच क्षणी ठरवून टाकलं.

रविवारी दापेंग हजेरीला गेला आणि मागोमाग ही उठली. जिन्याखाली ठेवलेल्या त्याच्या गाडीवरचा झाडू, रुंद फावडं आणि रिकामी पोती घेतली. उजाडत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने नवं घर सारवावं तशा हौसेने एका टोकापासून हात घातला. पानं पोत्यात भरताना त्यातली सिगारेटची थोटकं, कागद, बाटल्यांची झाकणं ती सवयीने वेगळी काढत होती. गावी हाच पाला शेळ्यांखाली पसरतात, त्यात घाण गेलेली तिला खपत नसे. ऊन फूटपाथवर आलं तेव्हा अर्ध्याहून जास्त रस्ता लख्ख झाला होता आणि भिंतीशी डझनभर पोती उभी होती. कमरेवर हात ठेवून तिने मागे पाहिलं. जीव कसा गार झाला.

"ताई! अहो ताई, काय केलंत हे?" वू बाई कुत्र्यासकट धावत आल्या. "पानं कुठं गेली?"

"झाडली," ग्वेईलान ठसक्यात म्हणाली.

"हा न झाडायचा रस्ता आहे हो! शरदात या रस्त्याची पानं काढायची नाहीत, तसा हुकूमच आहे. लोक लांबून बघायला येतात ती. तुमच्या पोराने सांगितलं नाही?"

ग्वेईलानने हातातल्या झाडूकडे पाहिलं. पोराने सांगितलं होतं. तशीच ठेवायची असतात, हेच तर तो म्हणाला होता.

तेवढ्यात दापेंग आला. लख्ख फूटपाथ पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता फूटपाथच्या काठावर बसला.

"आई, पानं ठेवायची आणि पानांतली घाण काढायची, हेच तर काम आहे. झाडूने दोन तासांत होतं. चिमट्याने दिवस जातो. सगळ्यांत अवघड रस्ता आहे हा." तो थांबला. "मी मागून घेतला होता."

ग्वेईलानला रडू फुटणार होतं, पण रडायला वेळ नव्हता. तिने एक पोतं ओढलं आणि फूटपाथवर उपडं केलं. पानांचा एक बसका ढीग पडला. कुठल्याही झाडाने असा ढीग घातला नसता. वू बाईंनी पायाने तो पसरवून पाहिला, तर आणखीच वाईट दिसायला लागला.

"कचराकुंडी उलटल्यासारखं दिसतंय," वू बाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नसे.

ग्वेईलानने ओलं बोट हवेत धरलं. वारा होता, बेताचा, पूर्वेकडून. "फावडं दे," ती दापेंगला म्हणाली. "आणि तू पोती सोड. गहू उपणायला उभा राहायचास ना माझ्यासमोर, तसा राहा."

तिने फावडं भरलं, अंग जरा वळवलं आणि पानं उंच भिरकावली. वाऱ्याने ती झेलली, पांगवली आणि एकेक करून, सावकाश, खाली सोडली. काही उताणी पडली, काही पालथी, एक वू बाईंच्या कुत्र्याच्या पाठीवर. झाडावरून पडावीत तशीच. दापेंगने ते पाहिलं आणि तो उठला. पोती भराभर मोकळी व्हायला लागली. लोकही यायला लागले होते. दोन मुली मोबाइल काढून म्हणाल्या, "आजी, अजून एकदा उडवा ना!" "हा काय खेळ आहे का?" आजी खेकसल्या, पण पुढचं फावडं त्यांनी जरा जास्तच उंच उडवलं.

अजून पाच पोती भरलेली होती, तेवढ्यात मुकादम तान यांची सायकल येऊन थांबली. जाड मानेचा, पन्नाशीचा माणूस. त्यांनी उघडा फूटपाथ पाहिला, पोती पाहिली, फावडं पाहिलं.

"दापेंग, हे काय चाललंय?"

दापेंग तोंड उघडणार, तेवढ्यात ग्वेईलान मध्ये येऊन उभी राहिली. "साहेब, झाडलं मी. पोराने नको म्हणून सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. मला वाटलं आळस करतोय. त्याला महामार्गावर टाकू नका. मी आजच गावी जाते."

मुकादमांनी सायकल झाडाला टेकवली. ते उकिडवे बसले, खाली पडलेली पानं बाजूला सारली आणि त्यांखालची फरशी पाहिली. मग पुढे जाऊन दुसऱ्या टोकाला, जिथे झाडू पोचला नव्हता, तिथेही पानं सारून पाहिली. तिथे दापेंगचं कालचं काम होतं. एकही थोटूक सापडलं नाही. ते परत आले.

"माझी चहाची मातीची किटली होती," ते म्हणाले. "वीस वर्षं मुरलेली. नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहाचा वास यायचा. माझी आई आली आणि तिने ती राखेने घासून लख्ख केली. वर मला म्हणाली, बायको एवढंसुद्धा करत नाही का?"

वू बाई फसकन हसल्या.

"मग काय केलंत?" ग्वेईलानने विचारलं. एवढ्या भीतीतही तिला राहवलं नाही.

"काय करणार? पुन्हा मुरवतोय." त्यांनी सायकल वळवली. "दापेंग, रस्ता तुझ्याकडेच राहील. उरलेली पोती उडवून टाका. आणि आजी, पुढच्या वर्षी शरदात नका येऊ. उन्हाळ्यात या!"

शेवटचं पोतं रिकामं झालं तेव्हा रस्ता माणसांनी भरला होता. कुणी लहान पोराला पानांत बसवत होतं, कुणी म्हाताऱ्या बापाला हाताला धरून चालवत होतं. सगळे पाय ओढत, मुद्दाम आवाज करत चालत होते. ग्वेईलान त्या काठावर बसली, जिथे सकाळी दापेंग बसला होता. लोक लांबून येऊन यात काय बघतात, ते तिला अजून कळलं नव्हतं. आता ती स्वतः बघायला लागली. ऊन पानांच्या आरपार जात होतं. तिच्या नवऱ्याला हे आवडलं असतं, असं तिला अचानक वाटलं, आणि त्याची फार आठवण आली.

दापेंग भाजलेलं रताळं घेऊन आला. अर्धं मोडून तिच्या हातात दिलं.

"आई, केसात पान अडकलंय तुझ्या," तो म्हणाला आणि काढायला वाकला.

ग्वेईलानने त्याचा हात बाजूला केला.

"असू दे," ती म्हणाली.