टोकन नंबर एकोणपन्नास

“परीक्षेतले गुण डॉक्टरला सरणापर्यंत सोडत नाहीत,” असं कान-नाक-घसा शिकवणारे देवस्थळी सर वर्गात ठणकावून सांगत. तेच सर आता खराडीत, डॉ. कल्याणीच्या दवाखान्यात, पुढे दोनच पेशंट असताना एकोणपन्नास नंबरचं टोकन धरून दीड तास बसले होते.

ते टोकन कल्याणीनेच खास त्यांच्यासाठी काढून ठेवलं होतं. वीस वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत कानातला मळ कसा काढायचा, हे सांगताना ती अडखळली आणि सरांनी पास व्हायला पन्नास हवे असताना एकोणपन्नास दिले. मग तिने निव्वळ खुन्नस म्हणून याच विषयात एम.एस. केलं. आता दिवसभर हेडफोन लावणारी आयटीतली पोरं तिच्याकडे रांग लावत.

सर आत आले. तिने वीस वर्षं घोकलेलं भाषण सुरू केलं. वाया गेलेले सहा महिने, आईचं रडणं, वडिलांचा अबोला, काही म्हणून गाळलं नाही. “एक गुण, सर! एकच!” म्हणत तिने त्यांच्यासमोर एक बोट नाचवलं.

सरांनी शांतपणे मान डोलावली.

“अहो डॉक्टर, आपण फार तळमळीने बोलताय, हे दिसतंय. पण आधी दोन्ही कानांतला मळ काढता का? मग सगळं पहिल्यापासून सांगा.”