चार कोपऱ्यांत दोन माग

स्वरूपचा नवा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर हाय. बिल्डिंगला लिफ्ट हाय, म्हणजे लिफ्टची भोकं हायत, डबा तेवढा यायचा हाय. बिल्डर अमावास्येला सांगतो पौर्णिमेला येतोय, आणि पौर्णिमेला फोन उचलत न्हाय. तर त्या भोकाशेजारच्या जिन्यानं मी पाच स्पीकर आणि एक वूफर वर चढवलो. वूफर म्हणजे वजनाला उखळ आणि कामाला नुसतं पोटात धुमधुम.

"परशाकाका, सराउंड पायजे," स्वरूप म्हणाला. "चारी बाजूनं आवाज आला पायजे. शुक्रवारी घरभरणी हाय, सासरवाडीचे येणार हायत."

"चारी बाजूनं आवाज पायजे होता तर वडगावचं घर कशाला सोडलास रं?"

तो हसला न्हाय. खरं बोललं की ह्या पोराला हसू येत न्हाय.

वडगावात त्यांचं खाली चार यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड. त्याचा बाप सुबरावअण्णा चाळीस वर्षं त्या चार मागांत साड्या विणत फिरला. मी पूर्वी मागाच्या मोटरी दुरुस्त करत होतो, म्हणून मला त्या घराचा स्क्रू न् स्क्रू ठाऊक. गेल्या महिन्यात अण्णाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं सांगितलं, महिनाभर जिना चढायचा-उतरायचा न्हाय. हे ऐकून स्वरूपनं काय करावं? बापाला उचलून तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवला. इंजिनियर पोरगं, डोकं चालतंय.

मी दोन स्पीकर टीव्हीशेजारी लावलो, एक टीव्हीखाली, दोन सोफ्याच्या मागं भिंतीवर. मग आली मापं घ्यायची पाळी. मशीनला एक छोटा माईक असतो, तो सोफ्यावर ठेवायचा आणि दोन मिनिटं घरात कुणी हूं का चूं करायचं न्हाय. मशीन कोपऱ्या-कोपऱ्यातनं टुंय टुंय करतंय आणि खोली समजून घेतंय.

बटण दाबलो. टुंय.

"कोण आलंय गं?" आतल्या खोलीतनं सुबरावअण्णा.

मशीननं सांगितलं, आवाज जास्ती हाय, परत करा. परत केलो. टुंय.

"परशा काय रं? आत ये की, बाहीर काय पिपाण्या वाजवालाइस?"

मागवाल्या घरात शांत बोलायची पद्धतच न्हाय. चाळीस वर्षं मागाच्या वर आवाज काढून बोललेला माणूस, त्याचं कुजबुजणं म्हणजे आपल्याकडं दवंडी. चौथ्यांदा सून सौम्यानं त्याच्या तोंडात लाडू दिला तेव्हा कुठं मशीनला दोन मिनिटं मिळाली.

मग मी आत गेलो. अण्णा पलंगावर, पाय उशीवर. ताट तसंच पडलेलं.

"जेवला न्हाय?"

"हितं आवाजच न्हाय रं परशा. माझाच घास गिळताना मला ऐकू येतोय. किळस येती." मग दाराकडं बघून मोठ्यानं, "स्वरूप, माग चालू हायत न्हवं?"

"चारी चालू हायत आप्पा. मष्णूमामा बघतोय की."

"खरं?"

"तुमची शप्पत."

बापाच्या शपथा मी लई ऐकल्यात. फरशीकडं बघून घेतलेली ही पयलीच.

सौम्या मला स्वयंपाकघरात बोलवून म्हणाली, "काका, बारा दिवस झाले, पोटात अन्न न्हाय. काल म्हणाले, रांगत जातो वडगावला. जिन्यावर टाका तुटला तर काय करायचं?"

मग स्वरूपनंच अक्कल काढली. मी वडगावला जायचं, मागाचा आवाज फोनवर घ्यायचा, आणि ह्या नव्या स्पीकरवर लावायचा. चार माग, चार कोपरे. आप्पा खूश, पोटभर जेवतील. "आणि काका," गॅलरीत नेऊन मला म्हणाला, "तिथं जे दिसंल ते दिसंल. कुणाला बोलू नका."

असं सांगितलं की मी पळतच जातो.

वडगावात शेडमध्ये माग होते दोन. पुढचे दोन खडाखडा चालू, मागच्या दोन जागांवर तेलाचे काळे चौकोन. मष्णू, त्यांचा जुना कामगार, मागातली सुताची कांडी बदलत ओरडला, "मागले दोन भंगारवाला घेऊन गेला. तोडून, काट्यावर घालून."

"कधी?"

"ऑपरेशन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मालक बेशुद्ध आणि छोटा मालक हुशार."

मी हिशेब केलो न्हाय, करायची गरज पडली न्हाय. सकाळी जो वूफर मी जिन्यानं वर नेलो तो ह्या चौकोनातलाच होता. इंजिनियरनं लोखंड विकून लोखंडाचा आवाज घेतला.

परत आल्यावर मी स्वरूपकडं नुसता बघितलो. तो हळू म्हणाला, "घरभरणी होऊ दे काका. मग मी स्वतः सांगतो. आता कळालं तर आप्पा ह्या घरात एक मिनिट थांबणार न्हाईत. परत कधी येणार पण न्हाईत."

बरोबर होतं त्याचं. म्हणून मी त्याच्या मनासारखं केलो. दोन मागांचा आवाज पुढच्या दोन स्पीकरला दिलो, आणि तोच मागच्या दोन स्पीकरला. डावीकडचा डावीकडं, उजवीकडचा उजवीकडं. आता मला दोन मिनिटं पुढं-मागं करून लावता आलं असतं, म्हणजे चारी वेगळे वाटले असते. येतंय मला ते. केलो न्हाय. वय झालं, विसरतो माणूस.

अण्णाला खुर्चीत बसवून हॉलमध्ये आणलं. बटण दाबलो.

खडाक-फडाक, खडाक-फडाक. सासरवाडीसाठी घेतलेल्या खोलीत वडगाव उतरलं. काचेच्या कपाटातले पेले नाचायला लागले. अण्णानं डोळे मिटले, मांडीवर बोटं चालायला लागली. सौम्यानं घाईनं ताट आणलं. भाकरी, वांग्याची भाजी. एक घास, दुसरा घास. पोरगी पदरानं डोळे पुसाली. स्वरूप माझ्याकडं बघून असा हसला की जणू मागाचा शोध त्यानंच लावलाय.

तिसरा घास हातात असताना पुढचा डावा माग थांबला. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कामगार येऊन जोडतो, परत चालू. अण्णाचं बोट थांबलं. मष्णूनं जोडला. माग चालू झाला.

अण्णानं घास खाली ठेवला.

"परशा, पुढचा थांबला तेव्हा मागचा पण थांबला."

"व्हय काय?"

"दोन्ही एका टायमाला थांबले, एका टायमाला चालू झाले. चाळीस वर्षांत दोन मागांचा धागा एका टायमाला तुटलेला मी बघितला न्हाय. आणि मष्णूला हात किती? दोन."

स्वरूप बापाच्या समोर, टीव्हीजवळ उभा. आवाज एवढा, की अण्णाचा गळा सोडला तर दुसऱ्याचं बोललेलं ऐकू येणं शक्य न्हाय. त्यानं माझ्याकडं बघून नुसते ओठ हलवले. काय ते मला कळालं न्हाय.

मागाच्या शेडमधलं पोरगं ते. आवाजात ओठावर बोलायची सवय जात्याच. ती सवय शिकवली कुणी, हे तेवढं विसरलं.

"काय सांगू नको?" अण्णा म्हणाला.

मी आवाज बंद केलो.

"आप्पा, ते काय की वायरिंगमध्ये काय तरी..." स्वरूप म्हणाला. "काका, फॉल्ट हाय न्हवं?"

हितं माझी पंचाईत. खोटं बोलायला मला कधी लाज वाटलेली न्हाय, पण वायरिंग माझी होती.

"वायरिंगमध्ये फॉल्ट न्हाय," मी म्हणालो.

अण्णा पोराकडं बघत बसला. ओरडला न्हाय. ओरडला असता तर बरं झालं असतं, त्या घराला त्याची सवय हाय.

"मागले दोन?"

"व्हय."

"कुठं?"

"भंगारात."

"जाताना नारळ फोडलास?"

दर खंडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी, त्या मागांना झेंडूची माळ, हळद-कुंकू, नारळ. मला ठाऊक हाय, प्रसाद मीच जास्ती खाल्लोय. स्वरूपनं मान खाली घातली.

"न्हाय."

"हं." अण्णानं हात धुतला. "खुर्ची उचला."

आता मस्करीची शिक्षा काय असती बघा. अमावास्या-पौर्णिमेची लिफ्ट, तीन मजले, आणि खुर्चीची पुढची बाजू माझ्या हातात. सौम्या नारळ घेऊन मागनं. स्वरूप पायरीपायरीला म्हणत होता, "आप्पा, टाका." दुसऱ्या मजल्यावर अण्णा एवढंच म्हणाला, "परशा, हळू. तुझी चूक हाय, गुडघा माझा हाय."

शेडमध्ये त्या दोन काळ्या चौकोनांवर दोन नारळ फुटले. मग अण्णा स्वरूपला म्हणाला, "भिंतीवरच्या त्या दोन पेट्या हितं आणून बसीव. हितं अन् हितं. दोन माग पोटाला, दोन कानाला. मी आता हितंच ऱ्हातो. तुझी घरभरणी तू भर."

घरभरणी झाली. पाव्हण्यांना आवाज एकाच बाजूनं आला, पण त्यांनी दोन्ही बाजूंनी जेवून घेतलं. अण्णा आला न्हाय. स्वरूप रोज संध्याकाळी ऑफिसातनं थेट वडगावला जातोय, बापाच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसतोय. अण्णा त्याच्याशी बोलतोय, पण ओठांवर. आवाज अजून दिलेला न्हाय.

पेट्या मीच बसवलो. ह्या खेपेला दोन पेट्यांचा आवाज एकमेकीच्या दोन मिनिटं पुढं-मागं ठेवून लावलो, म्हणजे चारी माग वेगळे वाटतात. मष्णूला पण वाटतात. पेटीतला धागा तुटला की तो कांडी टाकून उठतो, स्पीकरपाशी जातो, वाकून बघतो, आणि मग माझ्या नावानं काय तरी पुटपुटतो. ओठ वाचता येत न्हाईत मला, ते बरं हाय.